उन्हाळ्यात ओली होणारी भिंत

आमच्या गावची चावडी निजामाच्या काळातली आहे. खाली काळा दगड, कमरेच्या वर पक्की वीट, सगळं चुन्यातलं काम आणि डोक्यावर लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट माळवद. लोहाऱ्याहून जीपनं आलं की फाट्यावर उतरल्या उतरल्या तीच समोर दिसते. पूर्वी तिथं तलाठी बसायचे, आता तिथं वाचनालय आहे आणि ते मी चालवते. चालवते म्हणजे सकाळी कुलूप काढते, झाडते, पेपर उलगडून ठेवते, आणि कुणी कुठलं पुस्तक नेलं ते ध्यानात ठेवते. वही आहे, पण वहीत बघायची वेळ फार येत नाही.

मी शाळेचं तोंड बघितलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा चावडीच्या बाहेर एक फळा होता, त्यावर सरकारी नोटिसा चिकटवायचे. आडाची वाट तिथूनच जायची. डोक्यावर घागर, आणि मी उभी राहून अक्षरं बघायची. पुढं पोराच्या उजळणीतून अक्षरांची नावं कळली आणि मी ती फळ्यावर जोडायला लागले. पहिला पुरा वाचलेला शब्द ‘तहसीलदार’. लोक कमळ वाचून शिकतात, मी तहसीलदार वाचून शिकले. त्यामुळंच असेल, मला अजून कुठल्या साहेबाची भीती वाटत नाही. तर अशी माझी शाळा ती चावडी, आणि ती पाडायचं चाललं होतं.

कारण होतं उत्तरेची भिंत. छातीच्या उंचीवर आतल्या बाजूनं ओल यायची. चुन्याचे पोपडे सुटायचे, पांढरा खार धरायचा, आणि त्या बाजूच्या कपाटातली पुस्तकं तर अशी फुगली होती की उघडली की वास यायचा. ओल वर दिसायची म्हणून सगळ्यांनी माळवदाला दोष दिला. पंचायतीनं माळवदावर पत्रे टाकले. ओल तशीच. मग सरपंच म्हणाला, आता पाडूनच टाकू. हा सरपंच माझ्या चुलत दिराचा मुलगा, मला काकू म्हणतो. तो वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते.

“काकू, ती भिंत एक दिवस कुणाच्या तरी डोक्यावर बसंल,” तो म्हणायचा. “उन्हाळ्यात निम्मं गाव तिला टेकून झोपतंय. पडली तर लोक मला इचारतील, तुमाला न्हाय.”

“आणि पुस्तकं कुठं ठेवू?”

“ठेवू की कुठंतरी. आधी स्लॅब तर पडू द्या.”

‘कुठंतरी’ म्हणजे काय ते मला माहीत होतं. बालवाडीच्या खोलीत, पोषण आहाराच्या पोत्यांमागं. महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचं ठरलं.

त्याच्या आदल्या श्रावणात एक मुलगी गावात आली होती. उमरग्याची. बापाचं हायवेला ट्रकच्या टायरचं दुकान, आणि ही पुण्याला इंजिनिअरिंगच्या पुढचं काहीतरी शिकत होती. जुन्या इमारतींच्या भिंतीत ओल कशी फिरते, हा तिचा विषय. मला आधी वाटलं चेष्टा करते आहे. एवढं शिकून ओल शिकायची? आमच्याकडं ओल फुकट मिळते.

तिनं आमच्या चावडीला तासभर चक्कर मारली, दगडावर हात फिरवला, चुना नखानं खरवडून जिभेला लावला, आणि म्हणाली, “आजी, मला ही भिंत वर्षभर द्याल का?”

मी म्हटलं, “घे बाई. नेऊ नको म्हणजे झालं.”

तिनं भिंतीत बारीक भोकं पाडली. त्यातला भुसा डबीत भरला, नखाएवढ्या तराजूवर तोलला, वाळवला, पुन्हा तोलला. चारी भिंतींना काडेपेटीएवढ्या डब्या चिकटवल्या. त्या डब्या दर तासाला भिंतीची उष्णता आणि ओल आपल्या आपण लिहून ठेवायच्या. शिवाय हातात धरायचं एक मीटर होतं, दोन टोकं भिंतीला टेकवली की आकडा दाखवायचं. ते तिनं मला वापरायला शिकवलं आणि माझ्याकडंच ठेवलं. आठवड्यातून एकदा, खूण केलेल्या जागी टेकवायचं आणि आकडा तिला फोनवर सांगायचा.

माझी जाऊ समोरच राहते. तिनं ते बघितलं आणि विचारलं, “काय गं, भिंतीला ताप आलाय का?”

“ओल मोजते.”

“हात लावला की कळतं की. त्याला मशीन कशाला?”

पण दुसऱ्या आठवड्यात तीच आधी येऊन बसली होती, आज किती आकडा म्हणून.

मुलगी महिन्यातून एकदा एसटीनं यायची आणि माझ्याकडंच जेवायची. मी तिला बेजार करून सोडायचे, की हे सगळं जमवून करणार काय तू? एकदा भाकरी मोडता मोडता तिनं सांगितलं. तिनं चावडीची भिंत कॉम्प्युटरात उभी करायची ठरवली होती. चित्र नव्हे, सगळ्या गुणांसकट भिंत. दगड पाणी जवळजवळ पीत नाही, दगडांमधला चुना पितो, वीट त्याहून जास्त पिते, सिमेंट पाणी आत कोंडून ठेवतं, हे सगळं त्या नकलेला शिकवायचं. मग भिंतीचे हजारो बारीक चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनाला हिशोब लावायचा की तुझ्याकडं पाणी किती, शेजाऱ्याकडं किती, आणि या तासाला कोण कुणाला देणार. मग बाहेरून ऊन लावायचं, पाऊस पाडायचा, वारा सोडायचा. याला सिम्युलेशन म्हणतात.

“म्हणजे बांधावरच्या शेजाऱ्यांसारखंच,” मी म्हटलं. “पाणी वरच्यानं खालच्याला सोडायचं.”

“तसंच. पण हे भांडत नाहीत.”

“मग खरं नसेल ते.”

ती हसली, पण मला रात्रंदिवस तेच डोक्यात. भिंतीच्या आत डोकावता येणार म्हणजे काय, याचा विचार करत मी भाजीत दोनदा मीठ घातलं.

एप्रिलच्या सुरुवातीला ती लॅपटॉप घेऊन आली. वाचनालयाच्या मोठ्या टेबलावर पेपर बाजूला सारून तिनं तो उघडला. पडद्यावर भिंत उभी कापलेली दिसत होती, आपण कांदा कापतो तशी. कोरडी भिंत मातकट, ओली झाली की निळी. तिनं एक बटण दाबलं. कोपऱ्यात तारखा पळायला लागल्या. मृग लागला, आणि भिंतीच्या बाहेरच्या कडेला निळं पाझरायला लागलं. श्रावण, भादवा, निळं आत सरकलं. दसरा झाला, दिवाळी आली, निळं फिकं पडलं. संक्रांतीपर्यंत सगळी भिंत मातकट. चहाला उकळी यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात वर्ष गेलं.

“पुन्हा दाखव,” मी म्हटलं.

तिनं पुन्हा दाखवलं. जाऊबाई मागून मान वर करून बघत होती. ती म्हणाली, “आता मला दाखवा, मला मधलं दिसलं न्हाय.” असं आम्ही पाच वेळा वर्ष बघितलं. एवढ्या वर्षांत त्या भिंतीला मी टेकले, तिच्यावर खिळे मारले, आणि ती आतून अशी हलते हे मला ठाऊक नव्हतं.

मग तिनं दोन रेघा काढल्या. एक कॉम्प्युटरनं सांगितलेली ओल, दुसरी आमच्या डब्यांनी लिहिलेली. तीन भिंतींच्या रेघा जोडीच्या बैलांसारख्या बरोबर चालत होत्या. उत्तरेच्या भिंतीच्या रेघा शिवरात्रीपर्यंत बरोबर होत्या. पाडव्यानंतर फाटल्या. कॉम्प्युटर म्हणत होता भिंत वाळतेय. आणि डबी म्हणत होती ओली होतेय. एप्रिलच्या उन्हात.

मुलीचं तोंड उतरलं. “माझंच काहीतरी चुकलंय,” ती म्हणाली. “उन्हाळ्यात पाणी येणार कुठून?”

तिनं डबीची बॅटरी बदलली. दुसरी डबी लावली, ती पण तेच बोलली. माझ्या मीटरचे आकडे बघितले, ते पण चढतेच. आड तर कोरडा पडला होता, म्हणजे जमिनीखालून पाणी चढायचा प्रश्न नाही. माळवदावर पत्रे, आणि पाऊस तर सहा महिन्यांत नाही. ती आठ दिवस माझ्याकडं राहिली आणि आठही दिवस कपाळाला हात लावून बसली. सभा तीन आठवड्यांवर आली होती. सरपंच एकदा येऊन डोकावला.

“काय म्हणतोय तुमचा कॉम्प्युटर, काकू?”

“भिंत कोरडी हाय म्हणतो.”

“मंग त्यालाच लेकरं घेऊन बसवा तिच्याखाली,” तो म्हणाला आणि गेला. मुलीला फार लागलं ते. मला पण लागलं, पण तो चुकीचं बोलला असं म्हणता येईना.

नवव्या दिवशी दुपारी बाहेर चार-पाच माणसं उत्तरेच्या भिंतीला टेकून पहुडली होती. त्या बाजूला दिवसभर सावली असते. ऊन असं की डांबर चिकटावं. मुलगी बाहेर आली, तेव्हा एक म्हातारे आजोबा तिला म्हणाले, “बस पोरी इथं. निजामाचा एसी हाय ह्यो. कितीबी ऊन असू दे, पाठ गार.”

तिनं भिंतीला तळवा लावला. लावून तशीच उभी राहिली. मग आत पळत आली आणि लॅपटॉपवर डब्यांची उष्णता काढली. कॉम्प्युटरनं सांगितलं होतं त्यापेक्षा खरी भिंत कितीतरी गार होती. फक्त हीच भिंत. दक्षिणेची, पूर्वेची, पश्चिमेची बरोबर होती.

“आजी, ही गार का आहे?”

“दगड गारच असतो.”

“दगड बाकीच्या भिंतींना पण आहे.”

घामानं ती भिजली होती. मी बाहेर जाऊन तांब्या भरून आणला आणि तिच्या हातात दिला. ती दोन घोट प्याली आणि तांब्याकडं बघत राहिली.

“हे पाणी कुठलं?”

“बाहेरच्या रांजणातलं. थंड लागतंय ना?”

“रांजण थंड का राहतो, आजी?”

हे तर लहान पोराला माहीत असतं. “पाझरतो म्हणून. बाहेरून पाणी उडतं, आतलं गार—” एवढं बोलले आणि रांजण कुठल्या भिंतीला लागून आहेत ते मला आठवलं.

आता हे रांजण कुठले ते सांगायला पाहिजे. आमचे हे गेले, त्याच्या पुढच्या पाडव्याला, म्हणजे अकरा वर्षांमागं, मी त्यांच्या नावानं पाणपोई घातली. वाटसरूला पाणी पाजण्यासारखं दुसरं पुण्य नाही असं त्यांचं म्हणणं असायचं, आणि फाट्यावर जीपची वाट बघणाऱ्यांना पाण्याची सोय नव्हती. चावडीच्या उत्तरेला सावली म्हणून तिथंच चार मोठे रांजण मांडले. रांजण गार राहावेत म्हणून भिंतीला लागून विटांचं आळं केलं, त्यात वाळू भरली, रांजण गळ्यापर्यंत वाळूत पुरले, वर पोती अंथरली. आणि भिंतीला पाणी लागू नये म्हणून, होय, लागू नये म्हणूनच, तिथं बाहेरून कमरेएवढं सिमेंटचं प्लॅस्टर करून घेतलं. पाडव्याला रांजण भरायचे, मृगाला पालथे घालायचे. मुलगी श्रावणात आली तेव्हा तिथं पालथे रांजण आणि गवत एवढंच होतं. एप्रिलमध्ये आली तेव्हा सगळ्या गावासारखी ती पण तिथलं पाणी प्याली. वाळूकडं कोण बघतं?

“वाळूवर पाणी कोण घालतं?” तिनं हळूच विचारलं.

“मीच. रोज सकाळी.”

“किती?”

“चार घागरी. ऊन जास्त असलं की सहा.”

“कुठलं पाणी?”

“बोअरचं. आडाला नाही ना आता.”

“बोअरचं खारट आहे?”

“चहा फुटतो त्यानं.”

ती उठली, बाहेर गेली आणि पोतं उचलून वाळूत कोपरापर्यंत हात घातला. टेकून बसलेली माणसं बघतच राहिली. वाळू चिखलासारखी होती. तिनं आत येऊन लॅपटॉपमधल्या भिंतीच्या पायाशी वाळूचं आळं काढलं, कमरेएवढं सिमेंट चढवलं, आणि रोज सकाळी चार घागरी लिहिल्या. खालचं बटण दाबलं.

तारखा पळायला लागल्या. पावसाळा, दिवाळी, संक्रांत. भिंत मातकट झाली, सिमेंटमागं तेवढं थोडं निळं उरलं. पाडवा आला आणि पायातून निळं वर चढायला लागलं. सिमेंटमुळं त्याला बाहेर पडता येईना, म्हणून ते दगडांमधल्या चुन्यातून वर वर गेलं आणि जिथं सिमेंट संपून वीट लागते तिथं आत-बाहेर फुटलं. बरोबर छातीच्या उंचीवर. जिथं ओल दिसते म्हणून सगळं गाव माळवदाला शिव्या देत होतं, तिथं.

दोन रेघा एकीवर एक बसल्या.

“रेघ बसली,” मुलगी म्हणाली, आणि तिनं माझे दोन्ही दंड धरले. मी पण हसत होते. खोटं कशाला सांगू, आधी मला आनंदच झाला. जी भिंत अकरा वर्षं कुणाला कळली नाही ती आम्ही दोघींनी टेबलावर पकडली होती. भिंतीचाच रांजण झाला होता. म्हणून तर ती गार होती आणि म्हणून तर लोक तिला टेकत होते. मी मुलीला म्हटलं, पुन्हा चालव. तिनं पुन्हा चालवलं. तिसऱ्यांदा बघताना मात्र पडद्यावरचं ते पाणी कुणी घातलं ते मनात उतरलं आणि मी खुर्चीत बसले.

मुलगी म्हणाली, “आजी, सभेत मी एवढंच सांगते की पायाशी पाणी मुरतंय. कुणाचं ते सांगायची गरज नाही.”

“चार घागरी म्हटलं की गाव ओळखंल,” मी म्हटलं. “मीच सांगते.”

ग्रामसभा चावडीसमोरच भरली. शाळेतला मोठा टीव्ही आणून मुलीनं त्याला लॅपटॉप जोडला. बाया एका बाजूला, गडी एका बाजूला, आणि रांजणाजवळ नेहमीसारखी गर्दी. सरपंचानं विषय वाचला आणि म्हणाला, बोला काकू. मी उभी राहिले.

“भिंतीत पाणी मी घातलं,” मी म्हटलं. “मालकाच्या नावानं घातलं, लोकांसाठी घातलं, पण घातलं मीच. माळवदाचा काही दोष न्हाय. आता ही पोरगी दाखवंल ते बघा, आणि मग पाडायची का ठेवायची ते ठरवा.”

मग माझी जाऊ सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, “जिवंतपणी नवऱ्याला कधी पाणी इचारलं न्हाय, मेल्यावर भिंतीला पाजलं बाईनं.” सभा हसली. मी पण हसले. त्या हसण्यानं माझ्या छातीवरचं ओझं निम्मं उतरलं, आणि तिनं ते त्यासाठीच केलं होतं हे मला ठाऊक आहे.

मुलीनं टीव्हीवर वर्ष चालवलं. पाडव्याला निळं चढायला लागलं तेव्हा गडीमाणसं उठून पुढं सरकली. एकानं विचारलं, आतून कमरेपर्यंत टाइल बसवली तर? दिसणार पण नाही आणि स्वस्तात होईल. मुलगी म्हणाली, विचारून बघू. सगळ्यांसमोर तिनं आतून टाइल चढवली आणि बटण दाबलं. पाण्याला आतूनही वाट नाही, बाहेरूनही नाही. निळं सरळ वर गेलं आणि माळवदाच्या तुळयांची टोकं भिंतीत घुसतात तिथं जाऊन थांबलं.

“आणि तिथं लाकूड कुजलं की?” तिनं विचारलं.

टाइलवाला खाली बसला.

मग तिनं रांजण काढले, सिमेंट उतरवलं, आणि पुढची वर्षं चालवली. पहिल्या पावसाळ्यानंतर भिंत थोडी निळी राहिली. पुढच्या उन्हाळ्यात फिकी. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पार मातकट.

सरपंच बराच वेळ टीव्हीकडं बघत होता. “हे खेळण्यातलं झालं,” तो म्हणाला. “खऱ्या भिंतीचं काय?”

“खरी भिंत मीटरवर मोजू,” मुलगी म्हणाली. “पुढच्या महाराष्ट्र दिनाला या खुणेजवळ आकडा इथवर उतरलेला पाहिजे.” तिनं आकडा सांगितला. सरपंचानं तो ठरावाच्या वहीत लिहायला लावला.

“एक वर्ष,” तो मला म्हणाला. “आकडा चुकला तर काकू, मंग मी ऐकणार न्हाय. आणि तवर भिंतीला कुणी टेकायचं न्हाय.”

दुसऱ्याच दिवशी रांजण फाट्यावरच्या चिंचेखाली गेले. भिंतीपासून लांब, मोकळ्यात. सिमेंट काढायला अणदूरचा एक म्हातारा गवंडी आणला. चुन्याचं काम येणारा आसपास तो एकच उरला होता. तो म्हणाला, छिन्नी हळू मारा, दगड दुखवू नका. आम्ही बायकांनी पण हात लावला. पहिली ढलपी सुटली तेव्हा मागं दगड काळाभोर ओला होता आणि आमच्या बोटांना गार लागला. जणू भिंतीनं इतकी वर्षं काहीतरी धरून ठेवलं होतं.

दिवाळीनंतर भिंतीवर पिठासारखा पांढरा खार फुटला. जाऊबाई बादली आणि फडकं घेऊन धुवायला निघाली. मुलगी फोनवरच ओरडली, “पाणी नको. कोरड्या केरसुणीनं झाडा.”

“बघा,” जाऊ म्हणाली. “सुधारायला गेलं की पाणीच आठवतं आपल्याला.”

पण त्याच दिवसांत आकडे वाईट येत होते. त्या वर्षी पाऊस लांबला, दसऱ्यानंतर पण पडला. कॉम्प्युटरची रेघ उतरायला लागली आणि आमच्या भिंतीची वरच. कार्तिकात फरक पडला नाही. मार्गशीर्षात थोडा पडला. मी दर आठवड्याला मीटर टेकवायचे आणि आकडा सांगताना माझाच आवाज बारीक व्हायचा. मुलीनं खऱ्या पावसाचे आकडे घालून पुन्हा चालवलं आणि म्हणाली, थांबा, अजून वेळ आहे. मी पुस्तकं उत्तरेच्या कपाटातून काढून मधल्या टेबलांवर रचली होती. वाचणारी माणसं त्या ढिगांमधून वाट काढत बसायची, आणि प्रत्येक जण आत आला की आधी भिंतीकडं बघायचा.

शिवरात्रीला आमचा आकडा रेघेवर आला. पाडव्याला मीटर टेकवलं आणि मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग जाऊला बोलावलं, तू वाच म्हटलं. तिनं वाचला. आकडा रेघेच्या खाली होता.

महाराष्ट्र दिनाला सरपंचानं मीटर स्वतः हातात घेतलं. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही, गावानं बघावं म्हणून. खुणेवर टोकं टेकवली. वाचलं. पुसून पुन्हा टेकवलं, आणि मग बाजूला दोन हात सोडून टेकवलं, तिथं पण तेच. वहीतल्या आकड्यापेक्षा कमी.

“काय म्हणतो, पाडायची का?” मी विचारलं.

“आता पाडली तर तुमी मलाच चुन्यात घालाल,” तो म्हणाला, आणि सभेकडं वळून त्यानं विचारलं, चावडी ठेवायच्या बाजूनं हात वर करा. हात किती ते मोजायची गरज पडली नाही. ठराव लिहिताना ग्रामसेवकानं ‘वाचनालय आहे त्याच जागी राहील’ एवढं वाक्य घातलं, आणि मी त्याच्या खांद्यावरून डोकावून ते दोनदा वाचलं.

लोक चहाला पांगले तरी मुलगी टेबलाशी बसून होती. पडद्यावर दोन रेघा, आणि आमची खाली.

“आता काय झालं? जिंकलो की,” मी म्हटलं.

“पण इतकी लवकर का वाळली? माझ्या हिशोबानं अजून ओली पाहिजे होती.” तिनं वर बघितलं. तोच चेहरा, रांजणाच्या दिवशीचा. “आजी, तुम्ही अजून काय केलं?”

“मी? काही नाही. कपाटं हलवली.”

“मग?”

“मग त्यांच्या मागं दोन खिडक्या निघाल्या, बुजलेल्या नव्हत्या, नुसत्या बंद होत्या. त्या उघडते. पहाटे उघडते, ऊन चढलं की लावते, दिवस कलला की पुन्हा उघडते. पुस्तकांना वारा लागावा म्हणून.”

तिनं खुर्ची पुढं ओढली, लॅपटॉपमधल्या भिंतीला दोन खिडक्या पाडल्या आणि विचारलं, “पहाटे म्हणजे नेमकं किती वाजता?”

मी पण खुर्ची ओढली आणि सांगायला लागले.